लॅपटॉप जागा झाला, पण आतल्या मशीनचं नेट बंदच? ‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी हे करून बघा

अर्ज भरायची शेवटची तारीख. गावातल्या सेवा केंद्राबाहेर रांग लागलेली. तेवढ्यात लाईट जाते. बॅटरी वाचावी म्हणून ऑपरेटर लॅपटॉपचं झाकण लावतो. लाईट आल्यावर उघडतो, तर लॅपटॉपवर नेट चालू, पण फॉर्मचं पान काही उघडत नाही. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,’ असं सांगितलं जातं आणि मजुरी बुडवून आलेली माणसं परत जातात. पण दरवेळी दोष सर्व्हरचाच असतो असं नाही.

नेमकं काय होतं?

जुनं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर चालत नाही, म्हणून काही जण व्हर्च्युअलबॉक्ससारखं मोफत सॉफ्टवेअर टाकून लॅपटॉपच्या आतच दुसरा संगणक चालवतात. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याला नेट बाहेरच्या लॅपटॉपकडून मिळतं.

झाकण लावलं की दोघंही झोपतात. उठल्यावर बाहेरचा लॅपटॉप वायफायला नव्याने जोडला जातो. वायफायऐवजी मोबाईलचा हॉटस्पॉट लावला, तर नेटचा पत्ताही बदलतो. आतल्या मशीनला मात्र यातलं काहीच कळत नाही. ते जुनाच पत्ता धरून बसतं. घर बदललं आणि पोस्टमनला सांगितलंच नाही, तशातली गत.

उपाय क्रमाने करा

1. आधी बाहेरच्या लॅपटॉपवर एखादं पान उघडून बघा. तिथंच नेट नसेल तर आधी वायफाय किंवा हॉटस्पॉट नीट करा.

2. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत वर ‘डिव्हायसेस’, त्यात ‘नेटवर्क’ आणि मग ‘कनेक्ट नेटवर्क ॲडाप्टर’ वर क्लिक करून टिक काढा. दहा सेकंद थांबून टिक परत लावा. ही केबल काढून पुन्हा लावल्यासारखीच गोष्ट आहे. आतलं मशीन नवा पत्ता मागून घेतं. बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागतं.

3. नाही भागलं, तर आतल्या विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत ‘आयपीकॉन्फिग’ लिहून, एक जागा सोडून ‘/रिलीज’ टाईप करा आणि एंटर दाबा. मग तसंच ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ करा. पत्ता 169.254 ने सुरू होणारा दिसला, तर मशीनला पत्ता मिळालेलाच नाही असं समजा आणि दुसरी पायरी पुन्हा करा.

4. आतल्या मशीनचं घड्याळ बघा. झोपेत ते मागे पडलेलं असू शकतं. तारीख-वेळ फार चुकली तर सरकारी पोर्टल किंवा बँकेचं पान ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडतं. वेळ बरोबर करून पान पुन्हा उघडा.

हे करू नका

घाईत मशीन एकदम ‘पॉवर ऑफ’ करू नका. सेव्ह न केलेलं काम जातं. झाकण लावायच्या आधी मशीनची खिडकी बंद करताना ‘सेव्ह द मशीन स्टेट’ निवडा. काम आहे तिथंच जपलं जातं. मात्र मध्ये जास्त वेळ गेला, तर पोर्टल पुन्हा लॉगिन मागू शकतं.

मोबाईलचं नेट अडकलं की आपण विमान मोड चालू-बंद करतो ना? हा उपाय त्यातलाच. मिनिटभराचं काम आहे. तेवढं करून बघितलं, तर रांगेतल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा हेलपाटा पडणार नाही.