साल्विया परमनंट करताना

डिसेंबर उजाडला की चाकणच्या एमआयडीसीत कंपन्यांच्या गेटांसमोर लाल पट्टे उमटतात. सिक्युरिटी केबिनपासून झेंड्याच्या खांबापर्यंत एकाच उंचीची, एकाच लाल रंगाची साल्वियाची रोपं रांगेत उभी असतात. २६ जानेवारीला ती ऐन भरात येतात. मार्च सरत आला की माळी ती उपटून टाकतो आणि वाफ्यात दुसरं काहीतरी लावतो. या औद्योगिक पट्ट्याच्या भाषेत सांगायचं तर साल्विया इथे कंत्राटी. सीझनपुरता घेतलेला, गेटपासही तात्पुरता.

मुळात मात्र हे झुडूप बहुवर्षायू आहे. साल्विया स्प्लेंडेन्स ही लाल जात ब्राझीलची. युरोप-अमेरिकेत ती गेली, तिथल्या बर्फाळ थंडीत टिकेना, म्हणून तिथल्या माळ्यांनी तिला एका हंगामाचं फूलझाड करून टाकलं. बियाण्याच्या पाकिटांबरोबर तीच सवय आपल्याकडेही आली. पिंपरी-चिंचवडला बर्फ पडत नाही, ही साधी गोष्ट घरच्या बागेत कामाला येते. गेटवरचा कंत्राटी घरात परमनंट होऊ शकतो. फक्त त्याला वेळेवर कापायची हिंमत हवी.

कारखाने आणि बाग यांचं नातं इथे जुनं आहे. सुमंत मूळगावकरांनी १९६० च्या दशकात पिंपरीला टेल्कोचा कारखाना उभा करताना झाडं लावण्याचा आणि तळ्याचा आग्रह धरला होता. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आलं, निगडी-आकुर्डीत प्लॉट पडले, कामगारांच्या बैठ्या घरांपुढे अंगणं आली. आता मोशी-चिखलीच्या टॉवरांत अंगणाची जागा बाल्कनीने घेतली आहे. साल्वियाला दोन्ही चालतात. दिवसाचं चार-पाच तास ऊन मात्र हवं. पूर्वेची बाल्कनी त्यासाठी सगळ्यात सोयीची.

बी टाकायचं ते पाऊस ओसरल्यावर, नवरात्राच्या आगेमागे. कोकोपीट आणि गांडूळखत भरलेल्या ट्रेमध्ये ते वरच ठेवून बोटाने हलकेच दाबतात. कोथिंबीर-मेथी पेरणारा हात सवयीने वर मातीचा थर देतो आणि मग दोन आठवडे ट्रेकडे बघत बसतो. याला रुजायला उजेड लागतो. बी ओलं झालं की भोवती बुळबुळीत आवरण धरतं, अगदी सब्जासारखं. त्यात नवल नाही. साल्विया तुळशीच्याच कुळातला. दांडा दोन बोटांत फिरवून पाहिला तर चौकोनी लागतो, तुळशीचा आणि पुदिन्याचा लागतो तसाच.

दहा-पंधरा दिवसांत रोपं दिसू लागतात, आणि एखाद्या सकाळी त्यातली निम्मी बुडाशी काळी पडून आडवी झालेली असतात. ही बुरशी, आणि तिला बळ मिळतं ते ट्रेमधल्या जास्तीच्या पाण्याने. बुरशीच्या बाबतीत पिंपरीचा एक मान आहे. पिकांवरच्या बुरशीसाठी वापरलं जाणारं ऑरिओफंगिन हे प्रतिजैविक इथल्याच हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत, डॉ. एम. जे. थिरुमलाचार यांच्या काळात, १९६० च्या दशकात सापडलं. घरच्या ट्रेला मात्र औषधाची गरज नसते. फवाऱ्याने बेताचं पाणी आणि वाहती हवा एवढ्यावर काम भागतं.

सगळ्यात जड जातं ते खुडणं. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा नखाने तोडायचा. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे सुटतात आणि एका दांड्याचे चार होतात. नर्सरीतून तुरा फुटलेलं रोप आणलं तर तो पहिला तुराही कापावा. पैसे मोजून आणलेलं फूल दुसऱ्याच दिवशी कात्रीखाली द्यायचं म्हणजे घरात थोडी वादावादी होते. पण खुडलेलं आणि न खुडलेलं रोप जानेवारीत शेजारी ठेवलं की वाद मिटतो: एक भरगच्च झुडूप, दुसरं काठीला बांधलेला एकटा तुरा.

पाण्याचं गणित या शहराने वेगळंच करून ठेवलं आहे. नोव्हेंबर २०१९ पासून इथे एक दिवसाआड पाणी येतं. म्हणून उथळ कुंडीपेक्षा आठ-दहा इंची खोल कुंडी बरी, वर वाळलेल्या पानांचं आच्छादनही हवं. मिश्रणात पोयटा माती, शेणखत आणि निचऱ्यासाठी थोडा मुरूम किंवा भाताचं तूस घालावं. भंगारातले निळे ड्रम अर्धे कापून कुंड्या करण्याची इथे रीतच आहे. ड्रममध्ये आधी काय भरलेलं होतं हे विचारल्याशिवाय तो घेऊ नये. कंपन्यांतून येणाऱ्या लाकडी पॅलेटचंही तेच. निर्यातीच्या पॅलेटवर शिक्का असतो: ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं असतं, ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीने. बागेसाठी पहिलंच घ्यावं.

फुलं आल्यावर पाहण्यासारखं पुष्कळ असतं. साल्वियाच्या बऱ्याच जातींत दोन पुंकेसरांची चक्क तरफ असते. मधमाशी मधासाठी आत डोकं घालते, तरफेचं खालचं टोक ढकललं जातं, वरचं टोक खाली येतं आणि परागकण तिच्या पाठीवर टेकतात. श्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाने १७९३ मध्येच हे लिहून ठेवलं. डिझाइन विभागात नोकरी करणाऱ्या कुणीही बारीक काडी घेऊन ही यंत्रणा चालवून पाहावी. लाल जातीचं लांब नळकांडं मात्र पक्ष्यांसाठी घडलेलं. तिच्या मायदेशी हमिंगबर्ड येतात, इथे शिंजीर. काळा भुंगा असल्या शिष्टाचारात पडत नाही. तो नळीच्या बुडाशी भोक पाडतो आणि परागीकरण न करताच मध पिऊन जातो.

मार्चनंतर खरी परीक्षा. लाल जात दुपारच्या उन्हात मान टाकते. पानांमागे पांढरी माशी आणि कोळी दिसू लागतात. निंबोळी तेलात साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारलं, तुरे काढून झुडूप निम्म्यावर छाटलं आणि कुंडी सकाळचंच ऊन येईल अशा कोपऱ्यात सरकवली, तर बरीच झाडं तगतात. सगळी नाही. ज्यांना एवढी उठाठेव नको त्यांनी निळा साल्विया लावावा. टेक्सास-मेक्सिकोकडची ही फॅरिनेशिया जात उन्हाला सरावलेली आहे. कॉक्सिनिया ही जात तर आणखी धीट. तिचं बी गळून शेजारच्या कुंडीत आपणहून उगवतं. पावसाळ्यात या साऱ्यांचा शत्रू एकच: साचलेलं पाणी. कुंडीखालची बशी जूनमध्येच काढून ठेवावी.

जुलै-ऑगस्टमध्ये फुलं नसलेल्या कोवळ्या फांद्यांचे चार बोटं लांबीचे तुकडे घेऊन, खालची पानं काढून ओल्या कोकोपीटमध्ये खोचले की दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. कलमातून आईसारखंच झाड मिळतं, बियातून मिळेल याची खात्री नाही. संकरित पाकिटातल्या झाडाचं बी वाळल्या पेल्यांतून कागदावर झटकून पेरलं तर पुढच्या वर्षी एखादं रोप गुडघ्याएवढं होतं, एखादं वीतभरच राहतं, लाल रंगही कमी-जास्त उतरतो. गेटसमोरच्या रांगेला हे चालणार नाही. तिथे दर वर्षी नवं पाकीटच लागतं.