लोककथांचा चीन (३) : मनोऱ्याखालची नागीण

२५ सप्टेंबर १९२४ रोजी हांगचौ शहरात, पश्चिम सरोवराच्या काठावरचा लेईफंग मनोरा कोसळला. दहाव्या शतकात बांधलेली ही बौद्ध वास्तू. सोळाव्या शतकात चाच्यांनी तिचे लाकडी सज्जे जाळले आणि विटांचा नुसता गाभा उरला. त्या विटेच्या चिमूटभर भुकटीने दुखणी पळतात, मुलगा होतो, अशी समजूत होती. लोक पिढ्यान्‌पिढ्या विटा उकरून घरी नेत राहिले आणि मनोरा आतून पोखरला गेला. तो पडल्यावर थोर लेखक लू शुन यांनी लेख लिहिला, तो मात्र आनंदाचा. लहानपणी आजीच्या तोंडून गोष्ट ऐकल्यापासून हा मनोरा पडावा, हीच त्यांची इच्छा होती. कारण त्याच्याखाली एक बाई कोंडलेली होती.

चीनच्या चार मोठ्या लोककथांपैकी मंग च्यांगन्यूची कथा आपण गेल्या आठवड्यात पाहिली. आजची कथा पांढऱ्या नागिणीची.

हजार वर्षं तप करून एक पांढरी नागीण स्त्रीरूप घेते. सोबत तिची सखी श्याओछिंग, म्हणजे हिरवी नागीण. पश्चिम सरोवरावर पाऊस येतो, शू शिएन नावाचा साधा तरुण त्यांना आपली छत्री देतो. छत्री परत करण्याच्या निमित्ताने भेटी होतात, लग्न होतं, दोघं औषधाचं दुकान थाटतात. फाहाय नावाचा भिक्षू नवऱ्याच्या कानाशी लागतो, की तुझी बायको माणूस नाही.

मग येतो पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवसाचा सण. या दिवसांत उकाडा वाढतो, साप-विंचू बाहेर पडतात, म्हणून दारूत मनशीळ घालून ती पिण्याची आणि घरात शिंपडण्याची जुनी रीत आहे. आपल्या वैद्यांच्या बटव्यातलीच ही मनशीळ, गंधक आणि सोमल यांचं तांबूस खनिज. नवरा आग्रह करतो. बायको गरोदर आहे, हा प्याला आपल्याला सोसणार नाही हे तिला ठाऊक आहे, आणि नको म्हटलं तर संशय पक्का होईल हेही. ती पिते. थोड्या वेळाने नवरा पलंगाचा पडदा सारतो, तर समोर नागीण. तो जागीच गतप्राण होतो. शुद्धीवर आल्यावर ती जीव धोक्यात घालून देवांच्या पर्वतावरून संजीवक वनस्पती आणते आणि त्याला उठवते. भिक्षू त्याला चिनशान मंदिरात अडकवतो, तेव्हा ती यांगत्सेचं पाणी मंदिरावर चढवते. शेवटी बाळंतपण झाल्यावर भिक्षू तिला भिक्षापात्रात पकडतो आणि लेईफंग मनोऱ्याखाली गाडतो.

पण कथा मुळात अशी नव्हती. फंग मंगलुंग या मिंगकालीन लेखकाच्या १६२४ सालच्या संग्रहात ती पुरुषांना दिलेला इशारा आहे. तिथली नागीण चोरीची चांदी देऊन नवऱ्याला तुरुंगात घालते, सोडून गेलास तर सगळं शहर बुडवीन अशी धमकी देते. तिची सखी सापही नाही, मासा आहे. भिक्षू हा तारणहार आहे. नवरा स्वतःच्या हाताने बायकोला पात्राखाली दाबतो, आणि वर मनोरा बांधायला भिक्षाही तोच मागतो.

श्रोत्यांना हे पटलं नाही. अठराव्या शतकात कथा रंगमंचावर रुळली, तसे नटांनी त्यात मनशिळीचा प्याला, वनस्पतीची चोरी, पोटचं मूल असे प्रसंग घातले. हा मुलगा पुढे राजपरीक्षेत पहिला येतो आणि आईला सोडवतो. १७७१ साली फांग छंगफेई याने याच वळणावर आपलं नाटक लिहिलं. विसाव्या शतकात थिएन हान यांच्या पेकिंग ऑपेरात तर श्याओछिंगच मनोरा पाडते. नवऱ्यावर जीव टाकणारी, घर सांभाळणारी बाई केवळ जन्माने वेगळी म्हणून गाडली जाते, हा न्याय लोकांनी स्वीकारला नाही. या कथेचं सगळं सामर्थ्य मला या नकारात दिसतं. तो कुणा एका प्रतिभावंताचा नाही. तमाशगीर, कथेकरी, घरोघरच्या आज्या यांनी मिळून तो शतकानुशतकं टिकवला.

आणि भिक्षूला शिक्षाही ठरवली. लू शुन यांच्या शाओशिंग भागात उकडलेला खेकडा खाऊन झाला की कवचातला शंकूसारखा पापुद्रा अलगद काढतात, उलटा करतात. आत बसलेल्या संन्याशासारखी आकृती दिसते. हाच फाहाय! देवाच्या कोपाला भिऊन तो खेकड्यात लपला आणि तिथेच अडकला, असं मुलांना सांगतात.

कथा चीनबाहेरही गेली. अठराव्या शतकात उएदा आकिनारी याने ती जपानी वळणावर नेली. १९५८ साली तिच्यावर जपानचा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट निघाला, आणि तो पाहून भारावलेला शाळकरी मुलगा म्हणजे पुढचे विख्यात दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. १९९२ च्या तैवानी मालिकेने चिनी भाषक घरं वेडी केली. तिच्यात नवऱ्याचं कामही एका अभिनेत्रीने केलं होतं. लेईफंग मनोरा २००२ मध्ये पुन्हा उभा राहिला. त्यात आता लाकडी कोरीवकामात ही सगळी कथा पाहायला मिळते.

वाचकांनी या कथेचा एकच प्रवेश पाहायचा ठरवला, तर पेकिंग ऑपेरातला ‘तुटका पूल’ पाहावा. मंदिरातून सुटलेला नवरा पुलाजवळ समोर येतो. श्याओछिंग तलवार उपसून त्याच्यावर धावते. आणि ज्या बाईचा त्याने विश्वासघात केला, तीच मध्ये उभी राहते, त्याला वाचवत आणि त्याच दमात त्याला बोल लावत. चिनी भाषा येत नसली तरी अडत नाही. पुढच्या आठवड्यात गुराखी आणि विणकर कन्येची कथा.