आधी पेनड्राइव्हवरून, मग डिस्कवर

स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स चालेल का, याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. वाय-फाय लागेल का, टचपॅड ऐकेल का, आवाज येईल का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र पुन्हा जागं होईल का, असे दहाबारा प्रश्न त्यात असतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघू शकतं. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या करडीत हा प्रश्न आता वरचेवर निघतो. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10ला नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट जुने लॅपटॉप अडून बसले. आणि कमी पैशांत जो मिळतो, त्यात 4 जीबी रॅम आणि 64 जीबी साठवण असते. ती विंडोज 11ची किमान अट आहे. त्यावर ते सुरू होतं, पण काम करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो.

गावातली बीएस्सीला असलेली एक मुलगी असाच एक जुना लॅपटॉप घेऊन आली. सेलेरॉन एन4020 प्रोसेसर, 4 जीबी रॅम. "भाऊ, यावर लिनक्स चालन का? शिष्यवृत्तीचा फॉर्म, कॉलेजचे प्रोजेक्ट आणि थोडं पायथन, एवढंच काम आहे माझं." विकणाऱ्यानं एक दिवस वापरून बघायची मुभा दिली होती. पैसे अजून द्यायचे होते. तपासणी करायची खरी वेळ हीच.

मॉडेलचं नाव बघून निकाल देणं मी सोडून दिलं आहे. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये एका खेपेला एक वाय-फाय कार्ड असतं, दुसऱ्या खेपेला दुसरं. झाकणावरचं नाव मात्र तेच. धान घेणारा पोत्यावरचं नाव वाचून भाव करत नाही, मूठभर दाणे काढून दाताखाली फोडून बघतो. लॅपटॉपचंही तसंच करावं लागतं.

सुदैवानं लिनक्समध्ये दाणा फोडून बघायची सोय बऱ्याच वर्षांपासून आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती सुमारे 3 जीबीची आहे. मोबाइलच्या डेटावर ती उतरवायला वेळ लागतो, म्हणून मी ती एकदाच उतरवून ठेवली आहे. उतरवल्यावर तिची शा-256 बेरीज मूळ बेरजेशी ताडून बघायची. मधेच नेट तुटलं की फाइल अर्धवट राहते, आणि मग दोष फाइलचा असताना बोल लॅपटॉपला लागतो. फाइल 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस किंवा एचर या प्रोग्रामनं लिहायची, लॅपटॉप सुरू होतानाच एफ12, एफ9 किंवा एस्केप दाबायचं (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडायची. प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालते, लागेल तेवढा भाग रॅममध्ये चढतो. 'इन्स्टॉल' या चिन्हाला हात लावला नाही, तर आतल्या डिस्कवर एक अक्षरही बदलत नाही. सिक्युअर बूट बंद करायची गरज सहसा पडत नाही. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन या सगळ्यांकडे त्यासाठीची स्वाक्षरी आहे.

पेनड्राइव्ह यादीत दिसलीच नाही, तर तेही एक उत्तरच. 2014-15च्या सुमाराचे 2 जीबीवाले काही ॲटम लॅपटॉप प्रोसेसरनं 64 बिटचे असतात, पण त्यांचं फर्मवेअर 32 बिटचं असतं. नेहमीची पेनड्राइव्ह त्यांना ओळखूच येत नाही.

हा लॅपटॉप सुरू झाला. डेस्कटॉप आला, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकलं, उजेड कमीजास्त करायची बटणं चालली. मग मी टर्मिनल उघडलं आणि 'एलएसपीसीआय' ही आज्ञा 'एनएनके' या जोडणीसह दिली. यंत्रातल्या पीसीआय मार्गावर बसलेला प्रत्येक भाग यात आपली ओळख सांगतो. इंटेलच्या भागांपुढे 8086 हा आकडा असतो. 1978 साली आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध प्रोसेसरचा क्रमांकच त्यांनी ओळखीसाठी घेतला. वाय-फायच्या ओळीत '10ईसी:सी821' असं होतं. पहिला भाग रिअलटेकचा, दुसरा आरटीएल8821सीई या कार्डाचा. मला हवी होती ती ओळ त्याच्याखाली होती: 'कर्नल ड्रायव्हर इन यूज', म्हणजे हे कार्ड सध्या कोणता ड्रायव्हर चालवतो आहे. तिथं 'आरटीडब्ल्यू' या अक्षरांनी सुरू होणारं नाव दिसलं आणि मी निश्चिंत झालो.

या कार्डानं एकेकाळी लोकांना फार पिडलं. ड्रायव्हर बाहेरून आणून बांधावा लागे आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला की पुन्हा बांधावा लागे. 2020च्या अखेरीस आलेल्या 5.9 कर्नलमध्ये तो ड्रायव्हर आतच आला. मिंट 22मध्ये 6.8 कर्नल आहे, म्हणून काहीच करावं लागलं नाही. काही वर्षांपूर्वी जिथं 'नाही' होतं, तिथं आज 'हो' आहे. जुन्या अनुभवावर विसंबून कुणाला परत पाठवू नये, ते यासाठी.

ती ओळ रिकामी असती तरी घाबरायचं कारण नव्हतं. फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं की नेट मिळतं आणि त्या नेटवरून हवा तो ड्रायव्हर आणता येतो. पण हे आधी कळलेलं बरं, डिस्क पुसून झाल्यावर नव्हे.

मग साठवण बघितली. 'एलएसबीएलके'नं 'एमएमसीबीएलके0' असं नाव आणि 58.2 जीबी असा आकडा दाखवला. नावातल्या 'एमएमसी'वरून कळतं की ही वेगळी डिस्क नाही, मदरबोर्डला डागलेली ईएमएमसी आहे. ती बदलता येत नाही, ती गेली की दुरुस्ती परवडत नाही. किमतीची घासाघीस करताना ही गोष्ट बोलून दाखवायची असते आणि त्या मुलीनं ती नंतर बोलून दाखवलीही. काही लॅपटॉपवर या यादीत आतली डिस्क दिसतच नाही. तेव्हा बायोसमध्ये इंटेलची आरएसटी किंवा व्हीएमडी पद्धत सुरू असते. ती एएचसीआयवर आणली की डिस्क दिसते, पण आधीचं विंडोज मग तयारीशिवाय सुरू होत नाही.

रॅम 'फ्री' या आज्ञेनं 3.7 जीबी दाखवली. उरलेली ग्राफिक्सकडे जाते. त्यातली एक जीबीच्या आतबाहेर डेस्कटॉपनं घेतली होती. फायरफॉक्समध्ये शिष्यवृत्तीचं महाडीबीटी पोर्टल, एक व्हिडिओ आणि शेजारी लिब्रेऑफिस, एवढं एकदम उघडून ठेवलं. यंत्र दमलं नाही. वीस टॅब उघडणाऱ्याला मात्र हा लॅपटॉप पुरणार नाही, हे तिला तिथंच सांगितलं.

लोक सहसा विसरतात ती तपासणी झोपेची. झाकण मिटायचं, चहा घ्यायचा आणि उघडायचं. पडदा आला का, वाय-फाय आपोआप जोडलं का, टचपॅड जागं झालं का, हे बघायचं. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून बॅटरीही बघतो. 'यूपॉवर' ही आज्ञा बॅटरी नवी असताना किती भार धरायची आणि आता किती धरते, ते दाखवते. इथं बॅटरी बरीच उतरली होती. पण झोप नीट लागली आणि नीट मोडली. आवाज, माइक, कॅमेरा चालले. बोटाच्या ठशाचा सेन्सर अजिबात ओळखला गेला नाही. स्वस्त यंत्रांत हे नेहमीचं आहे आणि पासवर्ड टाकता येत असताना त्यासाठी व्यवहार मोडू नये.

शेवटी मराठी. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी मांडणी, दोन्ही असतात. 'तऱ्हा', 'ॲप', 'ज्ञानेश्वर' असे शब्द टाइप करून बघतो. यात 'ऱ्ह'मधला अर्धा र आणि जोडाक्षरं नीट उमटली की बाकीचं सहसा नीट उमटतं. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेल्या जुन्या फाइली मात्र युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. टॅली ज्याचं रोजचं काम आहे, त्याला मी विंडोजच ठेवायला सांगतो. लिनक्स चालणं आणि आपलं काम चालणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पैसे देण्याआधी बोललं पाहिजे.

सगळं जमलं म्हणून लगेच इन्स्टॉल करायचं नसतं. विंडोज 11च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरनं आपोआप कुलूपबंद झालेली असते. विंडोज शेजारी ठेवायचं असेल, तर तिची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यायची.

एवढी तपासणी लागू नये, अशी यंत्रंही होती. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावातल्या शाळेत 2007 साली मुलांना एक्सओ लॅपटॉप मिळाले होते. 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक उपक्रमातला भारतातला तो पहिला प्रयोग. 256 एमबी रॅमवर तिथं फेडोरा लिनक्स चालायचं, कारण यंत्र आणि प्रणाली एकमेकांसाठीच घडवली होती. करडीच्या मुलीला तुमसर-भंडाऱ्याच्या बाजारात जे मिळतं, ते विंडोजसाठी घडवलेलं यंत्र असतं. म्हणून तपासणीचं काम आपल्यावर येतं. 25 ऑगस्ट 1991 रोजी लिनस टोरवाल्ड्सनं आपल्या प्रणालीची पहिली वर्दी दिली, तेव्हा स्वतःकडे असलेल्या डिस्कपलीकडे ती काही चालवू शकेल असं त्यालाही वाटत नव्हतं. पुढे ज्याच्याकडे जे यंत्र होतं, त्यानं त्याचा ड्रायव्हर लिहिला किंवा काय चाललं नाही ते नेमकं कळवलं. त्यातूनच आजचं 'हो' आलं.

म्हणून मी प्रत्येक तपासणीचा कागद करतो: भागाचं नाव, त्याचा क्रमांक, ड्रायव्हर, चाललं की नाही, मिंटची आवृत्ती, तारीख. त्या मुलीनं आपला कागद स्वतःच लिहिला, भाव कमी करून घेतला आणि लॅपटॉप ठेवला. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतून आहेत. पुढचं ती त्यांवरून शिकेल. गावातल्या ऑनलाइन कामं करणाऱ्या दुकानांत आणि कॉलेजांत असे कागद साठले, तर पुढच्या विद्यार्थ्याला अंदाजावर पैसे घालावे लागणार नाहीत. एक पेनड्राइव्ह, एक संध्याकाळ आणि खरं लिहिलेला एक कागद, एवढाच खर्च आहे. तो करडीलाही परवडतो.