टार्गेट ५२चं, पुस्तकं चार!

थर्टी फर्स्टच्या रात्री माणूस काहीही ठरवतो. कुणी जिम लावतं, कुणी सिगरेट सोडतं. मी ठरवलं, वर्षभरात ५२ पुस्तकं वाचायची. आठवड्याला एक. सिंपल!

मोबाइलवर अ‍ॅप टाकलं, टार्गेट सेट केलं आणि कामाला लागलो. ठाणे ते दादर लोकलमध्ये उभ्याने प्रवास, कानात ऑडिओबुक, तेही दीडपट स्पीडने. मॅनेजमेंट, मोटिव्हेशन, पैसे कसे वाढवावेत वगैरे वगैरे. मार्चअखेर स्कोअर होता १४. ऑफिसात डबा खाताना हा आकडा मी अगदी सहज तोंडातून निघाल्यासारखा सांगायचो.

एका रविवारी बाबांनाही सांगितला. ते चहा पीत म्हणाले, ‘‘वा! मग शेवटचं वाचलंस त्यात काय होतं?’’

‘‘म्हणजे... सवयींबद्दल आहे,’’ मी म्हटलं. पुढे काही सुचेचना. पुस्तक संपवून जेमतेम चार दिवस झाले होते. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त बिस्किट बुडवलं.

‘दहाच पानं वाच’

जूनमध्ये बाबांना सरळ रेषा वाकड्या दिसायला लागल्या. आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयामुळे खराब होतोय. इंजेक्शनं सुरू झाली. चालता-फिरता येईल, माणसं ओळखू येतील, पण पुस्तकातली अक्षरं कठीण.

बाबा बँकेतून रिटायर झालेले. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे जुने मेंबर. ही लायब्ररी १८९३ सालची आणि तिथे आपल्याइतकं नियमित कुणी जात नाही, असा त्यांचा दावा. आता उशाशी प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंग ढांग’ अर्धवट पालथं पडलं होतं.

आमच्या घरी इमोशनल सीन होत नाहीत. ‘लाइट बिल भरलंस का?’ आणि ‘जेवून आलायस का?’ एवढाच आमचा संवाद. त्या रात्री बाबा म्हणाले, ‘‘दहाच पानं वाचून दाखवतोस? पुढे काय होतं ते माहितीये मला, पण तरी.’’

मी वाचायला बसलो आणि पार पोपट झाला. दिवसभर इंग्रजीत मेल लिहिणारा मी, चौथ्या ओळीतच अडखळलो. ‘‘हळू. गाडी सुटत नाहीये तुझी,’’ बाबा म्हणाले.

मोठ्याने वाचताना घाई चालतच नाही. पानं गाळता येत नाहीत, मध्येच मेसेज बघता येत नाही. दहा पानांना अर्धा तास लागतो. हिमालयात रस्ता बांधायला गेलेला इंजिनीअर विश्वनाथ, त्याचं वरिष्ठांशी वाजणं, मजुरांच्या जिवासाठी अडून बसणं... माझ्या बॉसचा चेहरा मला त्यात दिसायला लागला, तेव्हा कळलं की आपण खरंच वाचतोय!

मग व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). धनगरांच्या वाडीवर पहिल्या नोकरीला गेलेला कोवळा मास्तर. नवीन जॉब, अनोळखी माणसं, सगळे आपल्याला जोखतायत... पहिल्या दिवशी ऑफिसच्या लिफ्टमध्ये पोटात गोळा आला असेल, तर हा मास्तर तुमचाच आहे.

आत्या

ऑगस्टमध्ये ‘कोसला’ काढलं. भालचंद्र नेमाडेंची ही पहिली कादंबरी १९६३ची, लिहिली तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते. यातला पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला कॉलेजला येतो. वडिलांशी त्याचं अजिबात पटत नाही. म्हणजे बघा, बापाला नावं ठेवणारा मुलगा मी माझ्या बापाला वाचून दाखवत होतो! दोन-तीन ठिकाणी आवाज खाली गेला. बाबा म्हणाले, ‘‘नीट वाच. मीसुद्धा मुलगा होतो कधीतरी.’’

मग पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते तो भाग आला. मी चार पानं वाचली असतील. ‘‘आज बास,’’ बाबा म्हणाले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच थांबली.

बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, ‘‘माझी एक बहीण होती. मी आठ वर्षांचा, ती पाच. देवीनेच गेली. मला तिच्याजवळ जाऊ देत नव्हते. मी खिडकीतून बघायचो.’’

देवी आपल्या देशातून गेली १९७५मध्ये. आपल्या पिढीसाठी तो जीके क्विझमधला प्रश्न आहे. मला एक आत्या होती, हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं. तिचं नाव विचारायलाही मला दुसरा दिवस उजाडावा लागला.

दीडपट नको, निम्म्याने

सप्टेंबरमध्ये अ‍ॅप उडवलं. त्याला वाईट म्हणत नाही मी, प्रवासात त्याने सोबत केलीच. पण मी पुस्तकं मोजत होतो, वाचत नव्हतो. तुमचाही स्कोअर अडकला असेल, तर एक करून बघा. घरातल्या कुणालातरी रोज दहा पानं मोठ्याने वाचून दाखवा. आईला, रूममेटला, व्हिडीओ कॉलवरच्या आजीला. सुरुवात छोट्या पुस्तकाने करा, ‘बनगरवाडी’ उत्तम. आणि ऐकणाऱ्याने मध्येच काही सांगायला घेतलं, की पुस्तक मिटा. पान कुठे जात नाही.

सध्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सुरू आहेत. पहिला भाग १९३४चा, पण भाषा अशी की शेजारच्या काकू ओट्यावर बसून सांगतायत. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड वाचताना आई इतकी हसली की दूध उतू गेलं. तेव्हापासून तीही खुर्ची घेऊन बसते.

वर्षाचा हिशेब? मार्चपर्यंतची १४ धरली, तर १८. माझ्या हिशेबाने चार, त्यातलं पहिलं अर्ध्यातून सुरू केलेलं आणि चौथं अजून संपायचंय. काल पानं चाळून मी बाबांना सांगितलं, ‘‘साठेक उरलीत. या आठवड्यात संपेल.’’

बाबा म्हणाले, ‘‘मग आज पाचच वाच.’’