चौकट : धरणातली मासळी, पाकिटातलं मांस
बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. म्हणून विधिमंडळात पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर चर्चा रंगते, तेव्हा ती कोकणापुरतीच वाटते. १९८१चा सागरी मासेमारी कायदा आणि त्यातली २०२१ची दंडवाढ इथे लागू होत नाही, हे खरंच. पण खडकपूर्णाच्या संत चोखासागरात किंवा नळगंगेच्या जलाशयात रोहू, कटला, मृगळ धरणाऱ्या भोई कुटुंबांचं पोटही मासळीवरच आहे. गोड्या पाण्यासाठी राज्याचा १९६०चा मत्स्यव्यवसाय कायदा आहे. एप्रिल २०२५मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा मिळाला. शेतकऱ्याच्या दराने वीज आणि कर्ज मिळण्याची वाट त्यातून खुली झाली. आमच्या मते धरणकाठच्या माणसासाठी हा निर्णय सर्वांत मोलाचा.

मासेमारी राज्यसूचीत आहे, म्हणून तिचे नियम मुंबई-नागपुरात ठरतात. पाकिटावरच्या लेबलाचे नियम मात्र केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे. पाकीट हातात घेऊन पाहा : हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारासाठी पूर्वी तपकिरी ठिपका असे. २०२०च्या नियमांनी त्याजागी तपकिरी त्रिकोण आणला. रंग न ओळखणाऱ्यालाही आकारावरून फरक कळावा, हा त्याचा मोठा फायदा.

आठवडी बाजारात पाटीतून सुटी विकली जाणारी मासळी या लेबलाच्या नियमात येत नाही. तिथे कल्ला उचलून बघा. लालभडक असेल तरच घ्या.