शाकाहारी घरातील एक ते तीन वर्षांच्या मुलाचा आहार

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत अन्नधान्याचे जेवढे वैविध्य आहे तेवढे महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. माण, खटाव, आटपाडी व जत या कमी पावसाच्या पट्ट्यात बाजरी व शाळू, पाटण, जावळी व महाबळेश्वरच्या डोंगरात नाचणी व भात, कोरेगावकडे वाघ्या घेवडा, तासगाव-मिरजेकडे द्राक्षे व बेदाणे, आणि जवळजवळ सर्वत्र हरभरा, मटकी, हुलगा व भुईमूग. शिवाय दुभते आहेच. या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांची संख्याही मोठी आहे. दिगंबर जैन शेतकरी, लिंगायत, ब्राह्मण आणि गळ्यात तुळशीची माळ घातलेली वारकरी घरे यांत अंडेसुद्धा वर्ज्य असते. अशा घरातील, नुकतेच पावले टाकू लागलेल्या मुलाचे पोषण घरच्या अन्नावर नीट होऊ शकते काय, हा प्रश्न माता वारंवार विचारतात. होते, असे त्याचे उत्तर आहे. पण त्यास काही अटी आहेत, आणि त्या अटी सामान्यतः समजल्या जातात त्याहून वेगळ्या आहेत.

प्रश्न किरकोळ नाही. २०१९-२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांस रक्तक्षय असल्याचे दिसले. हे आकडे सर्व प्रकारच्या आहारांच्या मुलांचे आहेत, केवळ शाकाहारी मुलांचे नव्हेत. तेव्हा मांसाहार नाही म्हणून मूल अशक्त राहते, असा सोपा निष्कर्ष त्यांतून निघत नाही.

पहिली अडचण पोटाच्या आकाराची आहे. दहा किलो वजनाच्या मुलाच्या पोटात एका वेळी पाव लिटरच्या आसपासच अन्न मावते. परंतु त्यास दिवसाला सुमारे एक हजार उष्मांक लागतात. म्हणजे मोठ्या माणसाच्या निम्मा उष्मांक, आणि तो मात्र याहून कितीतरी लहान पोटातून. अशा मुलास आपण काय देतो? वरणाचे वरचे पाणी, भाताची पातळ पेज, ताकात सैल केलेल्या कण्या. डाळीतील सत्त्व पाण्यात उतरते ही समजूत सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः प्रथिने व पिष्ट खाली बसलेल्या डाळीतच असतात आणि पाण्याबरोबर मुख्यतः मीठ व हळद जाते. मुलाचे पोट भरते, ते निजते, आईस समाधान वाटते; पोषण मात्र होत नाही. वरण घोटून दाट द्यावे, त्यावर चमचाभर तूप अथवा शेंगदाण्याचे वा करडईचे तेल घालावे. स्निग्ध पदार्थाने घासाचा आकार न वाढता उष्मांक वाढतात. या वयात तुपाविषयी काटकसर करण्याचे कारण नाही. जेवणांची संख्याही वाढवावी लागते : तीन जेवणे व मध्ये दोन वेळा काहीतरी खाणे.

दाट खीर मुलास गिळवत नाही, ही तक्रार खरी आहे. तीवर बडोदे येथील तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात केलेल्या कामातून एक सुलभ उपाय पुढे आला. मोड आणून, वाळवून व हलके भाजून केलेल्या धान्याच्या पिठात पिष्टाचे विघटन करणारे विकर असते. दाट शिजवलेली खीर किंचित निवल्यावर तीत असे चमचाभर पीठ मिसळले की काही मिनिटांत ती आपोआप सैल होते. पाणी न वाढवता. मग तिला पुन्हा एक उकळी आणावी. यासाठी नाचणी अथवा गहू घ्यावा. ज्वारीस मोड आणून ते पीठ मुलास देऊ नये. कोवळ्या ज्वारीने जनावरांस विषबाधा होते हे शेतकऱ्यांस ठाऊक आहेच, आणि तेच द्रव्य मोडांतही असते.

नाचणीचा विषय निघाला म्हणून तिच्या सत्त्वाविषयीही लिहिणे अवश्य आहे. भिजवलेली नाचणी वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला पांढरा साका वाळवून सत्त्व करण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. शंभर ग्रॅम अखंड नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, ही तिची ख्याती. पण ते प्रामुख्याने टरफलालगतच्या थरात असते. फडक्यात उरून गुरांपुढे जातो तो चोथाच अधिक मोलाचा. सहा महिन्यांच्या बाळास गाळलेले सत्त्व पचावयास हलके पडत असेल. वर्षाच्या मुलास मात्र मोड आणलेल्या अखंड नाचणीचे बारीक पीठच द्यावे.

प्रथिनांची काळजी आया सर्वांत जास्त करतात आणि तिची गरज सर्वांत कमी आहे. या वयास दिवसाला सुमारे साडेबारा ग्रॅम प्रथिने पुरतात. पन्नास ग्रॅम ज्वारी, पंचवीस ग्रॅम मुगाची डाळ, दहा ग्रॅम दाण्याचा कूट व तीनशे मिलिलिटर दूध यांतून वीस ग्रॅमहून अधिक मिळतात. धान्यात लायसिन कमी असते, डाळीत ते भरपूर असते. भाकरी-आमटी, वरण-भात, थालीपीठ यांत ही जोडी आधीच जमलेली आहे.

लोहाचा हिशेब मात्र इतका सुखाचा नाही. वरील आहारातच पाहू. ज्वारीतून सुमारे दोन मिलिग्रॅम लोह मिळते, डाळीतून एक, कुटातून एक-तृतीयांश, आणि दुधातून जवळजवळ काहीच नाही. बेरीज साडेतीनच्या आतच राहते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेली दैनिक शिफारस आठ मिलिग्रॅम आहे. ज्वारीच्या जागी बाजरी व मुगाच्या जागी मसूर घेतल्यास बेरीज पाचाच्या पुढे जाते. तीत तीस ग्रॅम माठ अथवा राजगिऱ्याची पाने शिजवून मिसळल्यास ती साडेसहाच्या आसपास येते. लोखंडी तवा व कढई यांचाही हातभार लागतो. ही भांडी अडगळीत टाकून आपण फारसे शहाणपण केले नाही. तरीही वनस्पतिजन्य लोहाचा लहानसाच भाग शरीर घेते, कारण धान्यातील फायटेट त्यास धरून ठेवते. मोड आणणे, आंबवणे व जेवणात लिंबू पिळणे यांनी हे बंधन सैल होते. पालेभाजीच्या घासावर चार थेंब लिंबू, किंवा जेवणाबरोबर पेरूचा मऊ गर, बिया काढून, एवढे पुरे.

याच्या उलट परिणाम चहाचा होतो. सकाळी चहात चपाती, खारी वा बिस्किट बुडवून मुलास भरवण्याची चाल आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घरोघर आहे. चहातील टॅनिन लोहास बांधते, साखरेने भूक मरते, आणि मूल दूध प्याले असा घरच्यांचा समज होतो. या वयात चहा अजिबात नसावा. दुधाचाही अतिरेक नको : दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणारे मूल जेवत नाही व त्याचा रक्तक्षय वाढतो. २०१८ पासूनच्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांस आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहयुक्त औषध देण्याची तरतूद आहे. शाकाहारी घरांनी ते टाळू नये. त्यात लोह व फोलिक आम्ल असते, ब-१२ नसते.

या ब-१२ जीवनसत्त्वाकडे आता वळू, कारण शाकाहारी मुलाचा खरा धोका तेथे आहे. कोणत्याही धान्यात, कडधान्यात वा भाजीत ते नसते. मोडांत वा आंबिलीत ते तयार होते ही समजूत निराधार आहे. शाकाहारी मनुष्यास ते दूध, दही व पनीर यांतूनच मिळते. १९६२ साली वेल्लोर येथील जाधव, वेब, वैष्णव व बेकर यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशा अर्भकांचे वर्णन प्रसिद्ध केले, जी केवळ आईच्या दुधावर होती आणि ज्यांच्या आयांच्याच शरीरात ब-१२ चा तुटवडा होता. मुले निस्तेज व चिडचिडी होत, बोटांच्या पेरांवर काळेपणा येई, शिकलेल्या हालचाली ती विसरू लागत. ब-१२ मिळताच ती सुधारली. पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत १९९३ पासून के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातर्फे चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींमध्ये ब-१२ कमी आढळले. सातारा-सांगलीची खेडी आहाराच्या दृष्टीने त्याहून फार निराळी नाहीत.

त्यामुळे येथे मुलाबरोबर आईचाही विचार करावा लागतो. दोन वर्षांपर्यंत अंगावरचे दूध चालू ठेवणे योग्यच. परंतु घरचे दूध डेअरीला जाते आणि आईच्या वाट्यास चहातले चार चमचे येतात, अशी स्थिती असेल तर तिच्या दुधातही हे जीवनसत्त्व असणार नाही. मुलास रोज दोन वाट्या दूध वा दही मिळाले तर सुमारे एक मायक्रोग्रॅमची गरज बव्हंशी भागते. पाणी घातलेल्या ताकाने ती भागत नाही, आणि दूध फार वेळ आटवल्यासही ब-१२ चा काही भाग नष्ट होतो. जेथे दूध परवडत वा पचत नाही तेथे वैद्यांच्या सल्ल्याने औषधरूपाने ब-१२ घेणे हाच मार्ग. चालू लागलेले मूल पुन्हा बसून राहू लागले, हात कापू लागले, पेरे काळवंडली, तर दृष्ट काढण्यात दिवस घालवू नयेत.

मधल्या वेळच्या खाण्यास आपल्याकडे तोटा नाही. शिराळ्याच्या नागपंचमीस फुटणाऱ्या ज्वारीच्या लाह्यांचे पीठ दुधात वा दह्यात, डाळ्याचे पीठ गूळ-तुपात, मुगाचे मऊ धिरडे, राजगिऱ्याच्या पिठाची खीर, केळे, भिजवून चिरडलेले बेदाणे. यांपुढे दुकानातील पुडीबंद खाणे महागही आहे व निकृष्टही. मात्र अखंड शेंगदाणा, फुटाणा वा लाही या वयाच्या हाती देऊ नये. श्वासनलिकेत अडकलेल्या पदार्थांत आपल्या देशात शेंगदाण्याचा क्रमांक वरचा आहे, आणि भुईमुगाच्या काढणीच्या दिवसांत अंगणभर शेंगा पसरलेल्या असतात. द्राक्षाचा मणीही तितकाच घातक. तो उभा चिरून चार फोडी कराव्यात. दाण्याचा कूट बारीक करून भाजीत अगर खिरीत घालावा.

राहता राहिला संध्याकाळच्या जेवणाचा प्रश्न. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असलेल्या जैन घरांत तो लहान मुलास सहसा लावला जात नाही, तरी चूल लवकर थंड होते. मग साडेपाचास जेवलेले मूल सकाळी सातपर्यंत उपाशी राहते. अशा घरी शेवटचे जेवण दिवसातील सर्वांत दाट असावे : तुपातील मूगडाळ-तांदळाची खिचडी, वर दह्याची वाटी, आणि निजण्यापूर्वी कपभर दूध. दुपारच्या दोन खाण्यांपैकी एक मग चार वाजण्यापूर्वीच उरकावे, नाहीतर संध्याकाळी भूकच लागत नाही.