ध्येयाचे शास्त्र – लेखांक सहावा : वाट ठाऊक नसलेले ध्येय

‘जमेल तितके कर’ असे मोघम सांगण्यापेक्षा नेमके आणि काहीसे कठीण ध्येय समोर ठेवले तर माणसाच्या हातून अधिक काम होते, हा एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये मांडलेला सिद्धान्त मागील लेखांकात आला आहे. पुढे हा सिद्धान्त व्यवस्थापनाच्या पुस्तकांत आणि कचेऱ्यांत गाजला असला, तरी त्याचा एक भक्कम पुरावा लाकूडतोडीच्या कामातून आला, ही गोष्ट सागासाठी ओळखल्या जाणाऱ्या अहेरी-आलापल्ली पट्ट्यातील वाचकाला विशेष जवळची वाटावी. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने मान्य केलेल्या वजनाच्या जेमतेम साठ टक्के माल भरून निघत असत. गॅरी लॅथम आणि जेम्स बाल्डेस या संशोधकांनी चालकांपुढे ९४ टक्क्यांचे ध्येय ठेवले. त्यासाठी पगारवाढ दिली नाही आणि शिक्षेचा धाकही दाखवला नाही. प्रमाण आधी ऐंशीच्या आसपास चढले, मग सत्तरपर्यंत घसरले (ध्येय हुकले तर साहेब खरेच काही करतात का, याची चालक चाचपणी करीत होते) आणि त्यानंतर नव्वदच्या घरात जाऊन तेथे महिनोन्महिने टिकले. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा दाखला तेव्हापासून सतत दिला जातो, मात्र तो देताना एक बाब बहुधा सुटते, ती अशी की ट्रक कसा भरावा हे त्या चालकांना आधीपासूनच उत्तम येत होते.

हीच बाब तेंदूपत्त्याच्या हंगामात अधिक स्पष्ट दिसते. मे महिन्यात पहाटे रानात जाऊन तोडलेली पाने घरी आणायची, घरातील लहानथोरांनी मिळून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, ते संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, ओळीने मांडायचे आणि मुन्शीने मोजून घेतले की शेकड्याच्या दराने मजुरीची नोंद करून घ्यायची, असा हा क्रम असतो. येथे काम परिचयाचे असते, माप ठरलेले असते आणि दिवस मावळण्याआधी आजचे काम किती झाले ते कळते. केलेल्या कामाचा परिणाम करणाऱ्याला ताबडतोब कळणे, याला मानसशास्त्रात प्रत्याभरण म्हणतात. ते रोज मिळत असल्यामुळे ‘आज दोनशे पुडे’ हे ध्येय तेथे चोख काम करते. दीर्घ पल्ल्याच्या वैयक्तिक ध्येयांची अडचण अशी की, त्यांना फळीही नसते आणि मुन्शीही नसतो. पुष्कळदा तर पान कोणत्या झाडाचे तोडायचे, हेच आरंभी माहीत नसते.

अशा वेळी नेमका आकडा समोर ठेवला तर काय होते, याचे उत्तर रूथ कॅन्फर आणि फिलिप अॅकरमन यांच्या १९८९ च्या अभ्यासात सापडते. विमान वाहतूक नियंत्रणाचे अनुकरणात्मक काम अमेरिकी हवाई दलातील प्रशिक्षणार्थींना शिकवीत असताना, शिकण्याच्या पहिल्याच टप्प्यावर ज्यांना कठीण ध्येय दिले गेले त्यांची कामगिरी सुधारण्याऐवजी खालावली, कारण काम समजून घेण्यासाठी लागणारे अवधान आकडा गाठण्याच्या काळजीत खर्च झाले. त्यानंतर लॅथम यांनीच जेरार्ड साइट्स यांच्यासह ध्येयांचे दोन प्रकार वेगळे केले. ठरावीक फळ ठरावीक मापाने मिळवणे हे कामगिरीचे ध्येय, तर ते फळ कोणत्या मार्गांनी मिळू शकते हे शोधून आत्मसात करणे हे शिकण्याचे ध्येय होय. वाट माहीत असेल तेथे पहिला प्रकार उपयोगी पडतो, वाट माहीत नसेल तेथे दुसरा. आणि आयुष्यातील बहुतेक मोठी ध्येये आरंभी दुसऱ्या गटात मोडतात, तरी ती घोषित मात्र पहिल्याच्या भाषेत केली जातात.

अहेरीहून आलापल्लीमार्गे भामरागडकडे जाताना लागणारे हेमलकसा हे या भेदाचे सर्वांत चांगले उदाहरण मानता येईल. वैद्यकीय शिक्षण पूर्ण होत असताना, १९७० च्या सुमारास, वडील बाबा आमटे यांच्यासोबत भामरागडच्या जंगलात आलेल्या प्रकाश आमटे यांनी तेथील माडिया लोकांची स्थिती पाहून याच भागात काम करण्याचे ठरवले. २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून ते भूलतज्ज्ञ असलेल्या पत्नी डॉ. मंदाकिनी यांच्यासह तेथे राहावयास आले. वीज नव्हती, पावसाळ्यात नद्यानाल्यांमुळे महिनोन्महिने जगाशी संबंध तुटत असे, आणि ज्यांच्यासाठी दवाखाना उघडला ते लोक अनोळखी माणूस दिसताच रानात पळून जात. आजारपण हा दैवी कोप आणि त्यावरचा उपाय पुजाऱ्याकडे, अशी श्रद्धा असलेल्या समाजाने सुया टोचणाऱ्या परक्यावर विश्वास का ठेवावा, या प्रश्नाला वैद्यकाच्या क्रमिक पुस्तकात उत्तर नव्हते.

या दांपत्याने पहिल्या वर्षासाठी अमुक हजार रुग्ण तपासण्याचे ध्येय ठेवले असते, तर वर्षअखेर त्यांच्या पदरी निखळ अपयश पडले असते आणि परतीचा निर्णय अगदी समंजस ठरला असता. प्रत्यक्षात त्यांनी केले ते शिकण्याच्या ध्येयाला साजेसे होते : माडिया बोली कानांनी टिपून शिकणे, गावोगाव पायी फिरणे, लोकांचे खाणेपिणे आणि भीती यांचा अंदाज घेणे, आणि जो एखादा रुग्ण सर्व उपाय थकल्यावर नाइलाजाने येईल त्याच्यावर जीव ओतून उपचार करणे. असा रुग्ण बरा होऊन पाड्यावर परतला की बातमी त्याच्या तोंडून पसरे, आणि तिचे वजन कोणत्याही आरोग्य शिबिराच्या दवंडीपेक्षा अधिक असे. लोकांची ये-जा वाढल्यावर त्यांची फसवणूक निरक्षरतेमुळे होते हे ध्यानात आले, तेव्हा १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली. शिकार करून परतणाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू मागून घेतल्यापासून वन्य प्राण्यांचे अनाथालय आकाराला आले, जे तर कोणाच्याच आराखड्यात नव्हते. २००८ मध्ये आमटे पती-पत्नीला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा आरंभीच्या त्या ओस पडलेल्या दवाखान्याला तीन दशके उलटून गेली होती.

सत्काराच्या भाषणांतून ही कहाणी केवळ त्यागाची म्हणून सांगितली जाते, आणि तसे केल्याने तिच्यातील पद्धत झाकली जाते, ही खेदाची बाब आहे. त्याग वंदनीय असला तरी तो शिकवता येत नाही, पद्धत मात्र शिकवता येते. त्याचबरोबर, अशाच निश्चयाने दुर्गम भागात गेलेले आणि काही वर्षांनी परतलेले कितीतरी जण असणार, ज्यांच्यावर पुस्तके लिहिली जात नाहीत, हेही विसरता कामा नये. टिकून राहिलेल्यांकडेच पाहून टिकण्याचे नियम काढल्यास ‘चिकाटी धरली की सर्व साधते’ असा सोपा आणि फसवा निष्कर्ष निघतो.

याच गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागात आकड्यांचे ध्येय योग्य वेळी कसे उपयोगी पडते, हे दाखवणारे दुसरे उदाहरण आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेमार्फत काम सुरू केले. खेड्यांत आरोग्याचे काम करण्याचा अभय बंग यांचा संकल्प किशोरवयातला होता, पण नवजात बालकांचे मृत्यू रोखणे हे त्याचे मोजता येण्याजोगे रूप ठरायला तीन दशके जावी लागली. १९९३ मध्ये ३९ गावे प्रत्यक्ष कामासाठी आणि ४७ गावे तुलनेसाठी निवडली गेली; ज्यांच्याशी तुलना करून उपायाचा खरा परिणाम ताडायचा अशा गावांच्या समूहाला नियंत्रण गट म्हणतात. आरंभीची दोन वर्षे मुख्यतः स्थिती मोजण्यात गेली. त्यानंतर गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, आणि प्रत्यक्ष कामाच्या गावांत दर हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर उतरला, तर नियंत्रण गटात तो साठच्या जवळच राहिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष आले, आणि २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर राबवली जाऊ लागली. येथे आकडा आला, पण तो मोजणीच्या मागून आला, हा क्रम महत्त्वाचा आहे.

संस्था उभारणे हे ज्याचे ध्येय नाही, ज्याला केवळ पोलीस भरतीत उतरायचे आहे किंवा घरातील पहिला पदवीधर व्हायचे आहे, अशा अहेरी तालुक्यातील तरुणाला याचा उपयोग निराळ्या रीतीने होतो. भरतीची १६०० मीटरची धाव हे काम ट्रक भरण्याच्या जातीचे आहे. घड्याळ लावून नेमके ध्येय ठेवावे आणि रोज वेळ लिहून ठेवावी. लेखी परीक्षेचा अभ्यास ज्याने कधी पद्धतशीर केलेला नाही त्याने मात्र ‘शंभरपैकी नव्वद’ असे भिंतीवर लिहिण्याऐवजी पहिले दोन महिने ‘अंकगणितात चूक नेमकी कोठे होते’ हे हुडकण्याला द्यावेत.

वेळापत्रक आखताना आणखी एक दोष आड येतो. एखाद्या कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमी धरतो, आणि पूर्वी तसेच काम लांबले होते हे आठवत असूनही धरतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला दिलेल्या नावाचा अर्थ ‘नियोजनाचा भ्रम’ असा करता येईल. पुण्याच्या शिकवणी वर्गाचे बारा महिन्यांचे वेळापत्रक अहेरीत जसेच्या तसे वापरणे हा त्या भ्रमाचाच नमुना होय, कारण येथे मार्च-एप्रिलचे कित्येक दिवस मोहफुले वेचण्यात, मे महिना तेंदूत, जुलै-ऑगस्ट धानाच्या रोवणीत आणि नोव्हेंबर कापणीत जातो, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा मार्ग बंद पडतो तो वेगळाच. हे दिवस आधी वजा करून जे उरते तेच खरे वर्ष. उरलेल्या दिवसांसाठी पीटर गोलविट्झर यांनी सुचवलेली ‘जर-तर’ योजना, म्हणजे अडथळा आणि त्यावरची कृती यांची आधीच घातलेली सांगड, उपयोगी ठरते : ‘रोवणीहून थकून आलो, तर नवीन धडा न घेता फक्त दहा जुनी गणिते सोडवीन’ असे लिहून ठेवणारा, ‘रोज चार तास अभ्यास करीन’ म्हणणाऱ्यापेक्षा सप्टेंबरपर्यंत टिकण्याची शक्यता अधिक असते.

भरतीसाठी वयाची अट असते, आणि खुल्या प्रवर्गातील उमेदवाराने अठ्ठावीस वर्षे ओलांडली की त्याच्यापुरते ते ध्येय कितीही शिस्तीने पाळले तरी संपते. ध्येय केव्हा सोडावे आणि सोडताना त्यातून काय राखावे, या प्रश्नाकडे पुढील लेखांकात वळता येईल.